अडकलेल्या माणसाला गिऱ्हाईक हवं असतं



 केडगावच्या या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी मला विषय दिला तो असा : करिअर एका जागी थांबलं, तर उमेद परत कशी आणायची? मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवण्यात सगळी नोकरी काढलेला माणूस. उमेदीवर बोलणारे वक्ते हल्ली गावोगाव मिळतात आणि माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं बोलतात. दोन तास सभागृह डोक्यावर घेतात. अडचण एवढीच, की ऐकणारा टाळ्या वाजवून घरी जातो आणि सोमवारी पहिल्या पाळीला त्याच मशीनसमोर उभा राहतो. मशीनने भाषण ऐकलेलं नसतं.

आजच्या कार्यक्रमाला पुण्याहून माझे एक स्नेही यायचे होते. त्यांनी नकाशावर आपलं नगरचं केडगाव शोधलं आणि निघालं ते दौंडजवळचं. ही गंमत आपल्याला नवी नाही. पण ते केडगावही आपल्या विषयाला परकं नाही. ते पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव. १८८२ साली रमाबाईंचे पती वारले, तेव्हा त्यांची पंचविशीही उलटली नव्हती. पदरात लहान मुलगी, जवळचं माणूस जवळपास कुणी नाही. त्या वर्षी पुण्यात येऊन त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं, ते विकलं आणि त्या पैशाचा आधार घेऊन १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. अमेरिकेत गेल्यावर १८८७ साली पुन्हा तेच केलं. हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते खपलं, मदत उभी राहिली आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघालं. त्यांच्या थोरवीबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. मला मात्र त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी एक काम पुरं झालं, ते कुणाच्या तरी हातात पडलं, त्याने पुढची वाट उघडली. आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. बाकी सगळा त्याचा विस्तार.

आता अडकलेला म्हणजे कोण? इथे बसलेल्यांतच पाहू. कुणी नागापूर एमआयडीसीत पंधरा वर्षं ऑपरेटर आहे. कुणी कंत्राटी आहे. दर काही महिन्यांनी ठेकेदार बदलतो, काम तेच राहतं, पासवरचं नाव फक्त दुसऱ्या एजन्सीचं येतं. कुणी जिल्हा परिषदेत शिक्षक आहे. त्याला बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणी मिळते. कुणी सरकारी कारकून आहे, त्याला दहा, वीस, तीस वर्षांनी आश्वासित प्रगती योजनेचा लाभ मिळतो. सरकारलाही कळलेलं आहे की वरची जागा प्रत्येकाला मिळणार नाही. म्हणून खुर्ची तीच ठेवून पगार वाढवण्याची सोय केली. सोय चांगलीच आहे, पगाराला कुणी नावं ठेवू नयेत. पण चोवीस वर्षांनी निवडश्रेणी घेतलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी वर्गात जाताना पाय जड वाटले, तर त्याचं उत्तर वेतनश्रेणीच्या आदेशात नसतं.

ज्युडिथ बार्डविक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८६ साली या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यांनी हे साचलेपण तीन प्रकारांत लावलं. एक, वर जागाच नाही. दुसरा, काम हातचा मळ झालंय, शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. तिसरा, नोकरीच काय, सगळं आयुष्यच सपाट वाटतं. आपली फसगत होते ती इथे. अडकलेला असतो माणूस पहिल्या प्रकारात आणि घरी येऊन स्वतःला तिसऱ्यात टाकतो. वर चार खुर्च्या आणि खाली चाळीस माणसं, हा साधा हिशेब आहे. त्यात छत्तीस जण राहणारच. त्या छत्तीसांत आपण आलो म्हणजे आपल्यात काहीतरी कमी आहे, असं मानून माणूस झुरत बसतो. नातेवाईक त्यात भर घालतात. लग्नकार्यात 'अजून तिथेच का?' हा प्रश्न जेवणाच्या पंगतीतच विचारला पाहिजे, असा काही आपल्याकडे नियम असावा.

दोष सगळा माणसाचा नसतो, हे मी आधीच सांगून ठेवतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांचं बघा. लाखांनी अर्ज, शेकड्यांनी जागा. मार्च २०२१मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली होती. त्यांत आपल्या जिल्ह्यातली मुलं होतीच. खुल्या प्रवर्गाला वयाची अट अडतीस वर्षांची. म्हणजे पंचविशीत पुण्याच्या सदाशिव पेठेत गेलेला मुलगा तेरा वर्षं 'तयारी करतोय' या एका वाक्यावर काढू शकतो. त्याच्यात चिकाटी नाही असं कोण म्हणेल? तेरा वर्षं चिकाटीच तर केली. त्याची कोंडी दुसरी आहे. या तेरा वर्षांत त्याच्या हातून पुरं झालेलं आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडलेलं असं काम फार थोडं असतं. सगळा अभ्यास एका निकालाच्या नावावर जमा केलेला असतो आणि तो निकाल देणारं कुणी दुसरंच असतं.

आता मी आपल्याला आपल्याच किल्ल्यात नेतो. इथून रिक्षाने जाता येईल इतका जवळ. लहानपणापासून आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं, की नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' नगरच्या किल्ल्यात लिहिलं. पाठ केल्यामुळे त्यातली खरी गोष्ट मात्र आपल्या नजरेतून सुटली.

ऑगस्ट १९४२. मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काँग्रेस कार्यकारिणीला पकडून गाडीने नगरला आणलं. किल्ल्यात बारा जण होते. नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. देशातल्या सगळ्यात मोठ्या लढ्याची सूत्रं ज्यांच्या हातात, ती माणसं लढा पेटला त्याच दिवशी बाजूला पडली. सुटका कधी, हे ठाऊक नाही. सुरुवातीला तर घरच्यांशी पत्रव्यवहारही नाही. करिअर अडकणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

नेहरू तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. ही त्यांची नववी कैद. आता आपल्या मनात चित्र असं असतं, की हा माणूस किल्ल्यात आला, टेबलाशी बसला आणि लिहायला लागला. तसं अजिबात झालं नाही. पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणावर तारीख आहे १३ एप्रिल १९४४. आणि तिथे ते स्वतःच सांगतात, की इथे येऊन वीस महिने उलटले. वीस महिने! या काळात ते काय करत होते? वाचत होते, आणि आवारातली जमीन खणत होते. जमीनही कशी, तर खडकाळ, जुन्या पडक्या इमारतींचा राडारोडा भरलेली. त्यात कुदळ मारून फुलझाडं लावत होते. आधीच्या कैदेत, देहरादूनच्या तुरुंगात, त्यांनी एक लिखाण सुरू केलं होतं. ते तसंच अर्धवट राहिलं होतं. नवं लिहिलेलंही तसंच राहील की काय, ही शंका त्यांनी त्याच पानांत नोंदवलेली आहे. म्हणजे चालढकल, शंका, मागच्या अपुऱ्या कामाचं ओझं, सगळं आपल्यासारखंच. आणि मग एप्रिलमध्ये कुदळ ठेवून त्यांनी लेखणी घेतली. सप्टेंबरपर्यंत, पाचेक महिन्यांत, हाताने लिहिलेली हजारभर पानं झाली. १९४६ साली पुस्तक कोलकात्यात सिग्नेट प्रेसने छापलं.

वीस महिने कोरडे आणि पाच महिने पूर. मधे काय घडलं? त्यांच्या मनात शिरून कुणी पाहिलेलं नाही, म्हणून मी ठामपणे सांगत नाही. पण दोन गोष्टी दिसतात. एक तर माणूस त्या वीस महिन्यांत रिकामा बसला नव्हता. रोज हातापायांना काम होतं आणि त्या कामाचं फळ डोळ्यांना दिसत होतं. झाड उगवलं की नाही हे झाड सांगतं, त्याला कुणाच्या शिफारशीची गरज लागत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. पुस्तकाच्या प्रस्तावनेत नेहरूंनी अकरा सोबत्यांचे आभार मानले आहेत आणि त्यांतल्या चौघांचा खास उल्लेख केला आहे : आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली. त्यांच्याशी चर्चा व्हायच्या, त्यातून पुस्तक घडत गेलं. म्हणजे छापखाना हजारो कोस दूर, पण गिऱ्हाईक शेजारच्या खोलीत होतं.

मौलाना आझादांचं तर याहून विलक्षण. ते तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. पहाटे तीन-चारला उठायचे, चिनी चहाचा कप स्वतः करायचे आणि लिहायला बसायचे. काय लिहायचे? पत्रं. आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना. पत्रं टाकता येत नव्हती हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरीही प्रत्येक पत्राला मायना आणि तारीख. खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांशी झालेली झटापट आणि नंतर झालेली दोस्ती, चहा, संगीत, जुनी पुस्तकं, असं सगळं त्या पत्रांत आहे. एप्रिल १९४३मध्ये कोलकात्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. त्या आजारी असताना आझादांनी सरकारकडे सवलत मागितली नाही. तेही दुःख एका पत्रात आलंय. सुटल्यावर १९४६ साली ही पत्रं 'गुबार-ए-खातिर' या नावाने निघाली आणि उर्दू गद्यातलं ते एक मानाचं पुस्तक ठरलं. आझाद रोजनिशी लिहू शकले असते. त्यांनी पत्र निवडलं, कारण पत्राला घेणारा असतो. टपाल बंद असलं तरी चेहरा समोर असतो.

इतरांचंही थोडक्यात सांगतो. नरेंद्र देवांनी 'अभिधर्मकोश' हा बौद्ध ग्रंथ फ्रेंच भाषांतरावरून हिंदीत आणायचं काम इथे केलं. पट्टाभींनी 'फेदर्स अँड स्टोन्स' लिहिलं. एका किल्ल्याच्या एका आवारात तीनेक वर्षांत एवढं काम झालं, आणि आपण नगरकर त्या किल्ल्याकडे फक्त चांदबिबीचा किल्ला म्हणून पाहतो.

इथे कुणी म्हणेल, ही थोर माणसं होती, त्यांची गोष्ट आम्हाला काय उपयोगाची? बरोबर आहे. म्हणून आता मशीनवर येतो.

आयटीआयमध्ये फिटरच्या मुलाला पहिल्या वर्षी लोखंडाचा एक तुकडा देतात आणि कानस देतात. तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि घासायचा. दिवसचे दिवस घासायचा. पोरं वैतागतात. हाताला फोड येतात. 'सर, मिलिंग मशीनवर पाच मिनिटांत होईल, हे कशाला?' असं दर बॅचला कुणीतरी विचारतंच. कितीही समजावलं तरी त्या मुलाला हुरूप येत नाही. हुरूप केव्हा येतो, सांगतो. ट्राय स्क्वेअर, म्हणजे गुण्या, तुकड्यावर ठेवून खिडकीकडे धरायला शिकवलं की. पात्याखालून उजेड येतो. जिथून उजेड येतो तिथे खड्डा, जिथे अंधार तिथे उंचवटा. आता तो मुलगा उजेडाशी झगडायला लागतो. दुपारपर्यंत फट निम्मी झाली हे त्याला स्वतःला दिसतं. मग घंटा झाली तरी तो जागचा हलत नाही. त्या मुलाला मी काही प्रेरणा दिलेली नसते. फक्त मोजायचं साधन दिलेलं असतं.

हार्वर्डच्या टेरेसा अमाबिले यांनी हेच मोठ्या प्रमाणावर तपासलं. सात कंपन्यांमधल्या २३८ लोकांकडून रोजच्या कामाची डायरी लिहून घेतली. जवळपास बारा हजार नोंदी जमल्या. माणूस कोणत्या दिवशी उत्साहात असतो? ज्या दिवशी त्याच्या कामात थोडीशी का होईना, प्रगती झालेली असते त्या दिवशी. बक्षीस, बोनस, कौतुक यांचा नंबर नंतर. आणि गंमत पुढे आहे. त्यांनी ६६९ मॅनेजरांना विचारलं, की माणसांना हुरूप कशाने येतो? दिलेल्या कारणांत मॅनेजरांनी कामातल्या प्रगतीला मदत हे कारण शेवटच्या नंबरावर टाकलं. आपल्याकडच्या कारखानदारांना विचारलं, तर उत्तर वेगळं येईल असं मला वाटत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. नाव सांगत नाही, कारखान्याचंही नाही. व्हीएमसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर ऑपरेटर. काम काय, तर पीस लावायचा, क्लॅम्प आवळायचा, हिरवं बटण दाबायचं, सायकल संपली की पीस काढून हवा मारायची, गेज लावायचा, पुढचा पीस. आकडे भरायचे ते सेटर भरणार. ऑपरेटरने पॅनेलला हात लावायचा नाही. बारा वर्षं हे केल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ''सर, मशीन शिकतंय, मी नाही.'' नोकरी सोडून चहाची टपरी टाकावी असं त्याच्या मनात होतं. टपरीला माझी ना नव्हती, पण त्याला चहा करायला आवडत नव्हता.

त्याला मी एवढंच सांगितलं, की रिजेक्शनची वही घाल. लाल पेटीत पडलेला प्रत्येक पीस लिही : किती वाजता, कोणतं माप गेलं, टूल किती पीस चाललेला होता. दोनशे पानी वही आणि पेन, बस्स. पहिले काही आठवडे त्यातून काहीच निघालं नाही, आणि तो चिडून माझ्याकडे आला. मग हळूहळू दिसायला लागलं, की जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दोन-तीन पिसांत भोकाचं माप सरकतं. सुट्टीत मशीन बंद राहतं, स्पिंडल थंड होतो, पुन्हा तापेपर्यंत माप हलतं. हे पुस्तकात लिहिलेलं आहे, नवा शोध नाही. पण त्या शेडमध्ये ते कुणी मांडून दाखवलं नव्हतं. त्याने वही सेटरला दाखवली. सेटर म्हणाला, ''तू तुझं काम कर.'' हेही अपेक्षितच होतं. मग क्वालिटीवाल्या मुलीने ती वही मागून नेली, फोटो काढले, आणि सुट्टीनंतर मशीन पाच मिनिटं रिकामं फिरवून मगच पीस लावायचा, अशी सूचना लागली.

पगार वाढला का? लगेच नाही. साधारण वर्षभराने त्याला सेटिंगवर घेतलं, तेव्हा वाढला. तोही फार नाही. पण मला त्याच्यात फरक दिसला तो पगाराच्या पुष्कळ आधी, क्वालिटीने वही मागितली त्या आठवड्यात. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातचं काहीतरी दुसऱ्याला हवं होतं. टपरीचा विषय त्याने नंतर काढला नाही.

उशिरा दार उघडलेल्या प्रवीण तांबेचं उदाहरण क्रिकेटवाल्या मुलांना माहीत आहे. मुंबईचा मुलगा, वर्षानुवर्षं क्लब क्रिकेट आणि ऑफिस क्रिकेट खेळला, रणजी संघात काही नाव लागलं नाही. आधी मध्यमगती गोलंदाज होता; ओरिएंट शिपिंगच्या संघात असताना कर्णधाराच्या सल्ल्याने लेगस्पिन टाकायला लागला. २०१३ साली राजस्थान रॉयल्सकडून आयपीएलमध्ये उतरला तेव्हा वय एक्केचाळीस, आणि त्याआधी एकही प्रथम श्रेणी सामना खेळलेला नव्हता. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वाधिक बारा बळी घेतले आणि पुढच्या वर्षी कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक केली. त्याच्यावर सिनेमाही निघाला.

पण हे उदाहरण देणाऱ्यांनी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एका तांबेमागे असे शेकडो खेळाडू आहेत, जे तेवढीच वर्षं खेळले आणि ज्यांना फोन आला नाही. 'वाट बघ, तुझाही दिवस येईल' असं कुणाच्याही मुलाला सांगायचा अधिकार मला नाही, आपल्यालाही नाही. तांबेकडून घ्यायचं ते वेगळंच. तो वीस वर्षं निवड समितीची वाट बघत घरी बसला नव्हता. दर आठवड्याला सामना होता, समोर फलंदाज होता, बळी मिळाला की नाही ते संध्याकाळी कळत होतं. फोन आला नसता, तरी त्याची वीस वर्षं फुकट गेली असं म्हणता आलं नसतं. सदाशिव पेठेतल्या आपल्या मुलाला नेमका हाच दर आठवड्याचा सामना मिळत नाही.

तो त्याला मिळवून देता येतो. आठवड्यातून दोन तास कुणा दहावीच्या मुलाला भूगोल शिकवणं, गावातल्या म्हाताऱ्यांचे सातबाऱ्याचे आणि पेन्शनचे अर्ज भरून देणं, चालू घडामोडींवर एक पान लिहून वाचनालयाच्या फळ्यावर लावणं. अभ्यास तोच आहे, पण आता त्याला घेणारा आहे. आणि उद्या परीक्षेने दार उघडलं नाही, तर हातात निदान एक शिकवणी, दहा ओळखी आणि 'हे मला जमतं' ही खात्री तरी असेल. मी वयाची मर्यादा संपलेली मुलं पाहिली आहेत. जी मुलं काही ना काही देत राहिली होती, ती लवकर उभी राहिली. बाकीच्यांना आधी घराबाहेर पडायलाच वेळ लागला.

माणसांचं झालं, आता एका कारखान्याचं बघू. आपल्या कायनेटिक चौकावरून आपण रोज जातो. १९७२ साली इथल्या कायनेटिक कंपनीची लुना ही मोपेड आली आणि नगरचं नाव घरोघर गेलं. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, साडी सावरून गाडी चालवायला शिकलेल्या कितीतरी बाया, सगळ्यांची ती पहिली गाडी. पुढे चार स्ट्रोकच्या कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटरसायकली आल्या, स्कूटी आल्या, आणि लुना मागे पडत बंद झाली. २००८ साली कायनेटिकचा दुचाकीचा धंदा महिंद्राकडे गेला. नगरच्या कारखान्याने मग गिअर, शाफ्ट असे वाहनांचे भाग दुसऱ्या कंपन्यांना करून द्यायला घेतले. फेब्रुवारी २०२४मध्ये लुना विजेवर परत आली. ती किती खपेल हे मी सांगू शकत नाही आणि ते सांगणं माझं कामही नाही. पण मधली वर्षं बघा. स्वतःच्या नावाची गाडी नसताना दुसऱ्याच्या गाडीत बसणारा भाग करून देणं, यात मिरवण्यासारखं काही नसतं. चौकाला त्या भागाचं नाव कुणी देत नाही. तरी धातू कापायची, घासायची, मायक्रॉनमध्ये जुळवायची सवय हाताला राहिली ती त्या बिननावाच्या कामामुळे. माणसाच्या आयुष्यातही अशी बिननावाची वर्षं येतात. त्या वर्षांत मिळेल त्या गिऱ्हाईकाचं काम चोख करणं, याला मी हार मानत नाही.

एक इशाराही देतो, कारण माझं बोलणं ऐकून उद्या कुणी गैरफायदा घेऊ नये. 'पगार मागू नका, कामात आनंद शोधा' असा याचा अर्थ नाही. कंत्राटी कामगाराला कायमच्या कामगाराइतक्याच कामाला निम्मा पगार मिळत असेल, तर तो प्रश्न वही घालून सुटत नाही. तो संघटनेने, कायद्याने आणि भांडून सुटतो. वही त्याला भांडायची ताकद देईल इतकंच. आणि बार्डविकबाईंचा तिसरा प्रकार, सगळंच सपाट वाटणं, झोप उडणं, जेवण न जाणं, जगणं नकोसं होणं, हा तर व्याख्यानाचा विषयच नाही. तिथे डॉक्टरकडे जावं, आणि लवकर जावं. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराचा विभाग असतो. तिथे जाण्यात लाज वाटायचं काही कारण नाही.

पन्नाशीतल्या मंडळींसाठी दोन शब्द. आपल्याला वाटतं, आता काय, आठ-दहा वर्षं राहिली, ढकलू. पण आपल्याकडे एक माल असा आहे ज्याला गिऱ्हाईक नक्की आहे, आणि तो म्हणजे आपल्याला येत असलेलं काम. कारखान्यात नवीन आलेल्या पोराला इंडिकेटर लावता येत नाही, शाळेत नवीन आलेल्या बाईंना चाळीस मुलांचा वर्ग आवरत नाही, तहसीलमध्ये नव्या कारकुनाला फेरफार कळत नाही. आपण मात्र 'आम्हाला कुणी शिकवलं?' म्हणून हात बांधून बसतो. शिकवायला लागलेला माणूस अडकलेला राहत नाही, कारण रोज कुणीतरी त्याची वाट बघत असतं. हे मी पुस्तकातून सांगत नाही. निदेशक म्हणून वर जायची फारशी जागा मलाही नव्हती.

आता तीन विनंत्या करतो आणि थांबतो. इथे छोटे-मोठे कारखाने चालवणारे काही जण बसलेले आहेत. आपल्या ऑपरेटरला सहा महिन्यांतून एकदा दुसऱ्या मशीनवर उभं करा, आणि रिजेक्शनच्या मीटिंगला एका ऑपरेटरला बोलवा. याला खर्च काहीच येत नाही. घरोघरच्या आईवडिलांना विनंती, की परीक्षा देणाऱ्या मुलाला 'निकाल कधी?' असं विचारण्याऐवजी 'या आठवड्यात काय पुरं केलंस, दाखव' असं विचारा, आणि त्याने दाखवलं तर पाच मिनिटं बसून बघा. तिसरी विनंती या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना. दर रविवारी सकाळी दोन तास वाचनालयाची एक खोली मोकळी ठेवा. ज्याने जे काही केलं असेल, वही, चित्र, दुरुस्त केलेली मोटर, लिहिलेलं पान, ते तिथे आणून मांडावं आणि बाकीच्यांनी बघावं, चुका काढाव्यात. पहिल्या रविवारी मी येतो, कानस आणि ट्राय स्क्वेअर घेऊन. दहा वाजता. वेळेवर या.